बंबात न गेलेला कागद

बेळगाव तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून मजकूर थोडक्यात देते.

सासरे चार महिन्यांपूर्वी वारले. सासूबाई त्यांच्या आधीच गेल्या. मागे दोनच मुलं: ताईंचे यजमान आणि चंदगड तालुक्यात दिलेली एक मुलगी. सासऱ्यांच्या नावावर चार एकर भाताची जमीन आणि राहतं घर. दिवस झाल्यावर त्यांची ट्रंक उघडली, तेव्हा एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात मृत्युपत्र निघालं. शंभराच्या स्टँपवर, मराठीत, खाली सासऱ्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी मात्र केलेली नाही. घर आणि तीन एकर मुलाला, एक एकर मुलीला, ‘आजारपणात तिने माझं केलं म्हणून’. यजमानांनी ते दोनदा वाचलं आणि रात्री ताईंना म्हणाले, “सकाळी बंब पेटवशील तेव्हा हेही घाल त्यात.” ताईंनी घातलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात तळाला ठेवलं, आणि “घातलं” म्हणून सांगितलं. आता यजमान वारसा लावायच्या तयारीत आहेत. बहिणीला बोलावून सही घ्यायची, असं चाललं आहे.

ताई लिहितात, “कागद नणंदेला दिला तर यांना पोलीस नेतील. जाळला तर माझ्या डोक्यावर पाप, पण संसार तरी राहील. आणि घरचाच कागद आहे, त्याला चोरी कोण म्हणणार? हे माणूस म्हणून वाईट नाहीत. सोसायटीचं कर्ज यांच्या डोक्यावर आहे, एवढी वर्षं जमीन यांनीच केली. मला धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालंय. काय करू?”

ताई,

सल्ल्याचं नंतर बघू. आधी तो कागद तांदळातून बाहेर काढा. डब्यात ओल धरते, पोरकिडे होतात, आणि तुमच्या घरात बोरिक पावडर लावून तांदूळ ठेवत असाल तर ती कागदाला लागते. शिवाय पाहुणे आले की डबा कोण उपसेल सांगता येत नाही. कोरड्या कागदी पाकिटात, घडी आहे तशीच ठेवून, घालून ठेवा. नवी घडी घालू नका, फाटत असेल तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. उद्या सहीची तपासणी करायची वेळ आली तर तेच आड येतं. त्यावर पेनाने काही लिहू नका, तारीखसुद्धा नाही. मग उजेडात मोबाइलवर फोटो काढा: प्रत्येक पान पुढून आणि मागून, स्टँप विकणाऱ्याचा शिक्का आणि तारीख वाचता येईल असा, तिन्ही सह्या जवळून. ते फोटो तुमच्यापाशी आणि तुमच्या माहेरच्या एका भरवशाच्या माणसापाशी ठेवा. हे झालं की पुढचं वाचा.

तुमच्या पत्रात तुम्ही आणि यजमान दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि मला वाटतं सगळा घोळ तिथेच आहे. कागद जळाला की त्यात लिहिलेलं जळालं, आणि मग चारही एकर आपसूक मुलाची. हे दोन्ही खरं नाही.

पहिलं घ्या. मृत्युपत्र रद्द करायचा अधिकार ज्याने लिहिलं त्याचा. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात ते स्पष्ट आहे: जाळून किंवा फाडून मृत्युपत्र रद्द करायचं तर ते लिहिणाऱ्याने स्वतः, किंवा त्याच्यासमोर आणि त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने, रद्द करायच्या इराद्यानेच केलं पाहिजे. तुमचे सासरे गेले. आता त्यांच्या वतीने तो कागद रद्द करू शकेल असा माणूस या जगात उरलेला नाही. मुलाने जाळला काय किंवा उंदराने कुरतडला काय, मृत्युपत्र रद्द होत नाही; फक्त पुरावा अवघड होतो. आणि त्यालाही कायद्याने वाट ठेवली आहे. मूळ कागद मृत्यूनंतर हरवला किंवा कुणी चुकीने वा मुद्दाम नष्ट केला, तर त्याची प्रत किंवा कच्चा मसुदा पुढे आणता येतो. तेही नसेल तर साक्षीपुराव्यावरून मजकूर सिद्ध करता येतो. तुमच्या सासऱ्यांचा कागद दोन साक्षीदारांनी पाहिलेला आहे, बहुधा बाँड रायटरनेही लिहून दिलेला आहे. गावात दोन साक्षीदारांना माहीत असलेली गोष्ट किती दिवस दोघांपुरती राहते, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता दुसरं, आणि ते यजमानांना फारच आश्चर्याचं वाटेल. समजा कागद खरोखरच नाहीसा झाला, कुणाला कधी कळलंच नाही. मग काय होईल? मृत्युपत्र नसलं की हिंदू वारसा कायदा लागतो, आणि त्यात मुलगा आणि मुलगी एकाच पायरीवर. सासूबाई नाहीत, भावंडं दोनच. जमीन सासऱ्यांनी स्वतः घेतलेली असेल तर चार एकरांचे सरळ दोन भाग: दोन एकर भावाला, दोन एकर बहिणीला. घरही अर्धं अर्धं. जमीन वाडवडिलांपासून आलेली असेल, तरी २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने हिस्सेदार आहे, आणि बाप २००५ ला हयात असला पाहिजे अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून टाकलं. म्हणजे कागद जाळून तुमचे यजमान बहिणीची एक एकर वाचवत नाहीत. तिला एक एकर आणि अर्धं घर आणखी देऊ करत आहेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बापाने मुलीला एक एकर लिहून दिली, हे गावच्या रिवाजाच्या मानाने मोठं वाटतं. कायद्याच्या मानाने त्यांनी मुलालाच झुकतं माप दिलं आहे. यजमानांना हे कुणी समजावून सांगितलेलं नसणार. आपल्याकडे अजून अशी समजूत आहे की लग्न करून दिलेली मुलगी म्हणजे हक्कसोड करून माहेरचा आहेर घेऊन जाणारी, आणि तिची सही म्हणजे एक उपचार. त्यात बायपास आणि रिंगरोडच्या बातम्यांनी बेळगावच्या आसपासच्या शिवाराला जो भाव आला आहे, त्याने भल्या माणसांच्याही डोळ्यांवर पडदा येतो. यजमान वाईट नाहीत असं तुम्ही म्हणता, ते मी मानते. पण घाबरलेला माणूस आणि चुकीचा हिशेब एकत्र आले की काय होतं, ते बंबाच्या तोंडाशी दिसतं.

आता “घरचाच कागद आहे” या म्हणण्याकडे येऊ.

चोरीच्या व्याख्येत वस्तू कुणाच्या मालकीची यापेक्षा ती कुणाच्या ताब्यातून, लबाडीने, संमतीशिवाय हलवली याला महत्त्व आहे. आपलंच गहाण टाकलेलं घड्याळ सावकाराच्या दुकानातून पैसे न देता उचलून आणलं तरी चोरी होते. कायद्यात हे उदाहरणच दिलेलं आहे. पण तुमच्या बाबतीत चोरी झाली की नाही, या चर्चेत अडकायची गरजच नाही. मृत्युपत्रासारख्या कागदासाठी वेगळं, चोरीपेक्षा कितीतरी कडक कलम आहे. जुन्या दंडविधानात ते ४७७ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४३ आहे. मृत्युपत्र, दत्तक घेण्याचं अधिकारपत्र किंवा मूल्यवान रोखा, म्हणजे खरेदीखत, गहाणखत, कर्जरोखा असा ज्यातून हक्क निर्माण होतो किंवा सुटतो असा कोणताही कागद, लबाडीने किंवा कुणाचं नुकसान करण्यासाठी रद्द केला, नष्ट केला, खराब केला किंवा दडवला, किंवा यातलं काही करायचा नुसता प्रयत्न केला, तरी शिक्षा जन्मठेपेपर्यंत, किंवा सात वर्षांपर्यंत कैद, आणि वर दंड. घरातून साधी चोरी केली तर जास्तीत जास्त सात वर्षं. बापाचं मृत्युपत्र चुलीत घातलं तर जन्मठेपेपर्यंत. १८६० साली ज्यांनी हे कलम लिहिलं, त्यांना माहीत होतं की दागिना गेला तर दागिनाच जातो, असा कागद गेला तर माणसाचा हक्कच उघड्यावर येतो. दत्तकाचा कागद त्यात का, हे तर आपल्या जिल्ह्याला विचारावं. कित्तूरचं दत्तकविधान कंपनी सरकारने मान्य केलं नाही, आणि १८२४ मध्ये त्यावरून लढाई झाली.

दावा चालू असताना, किंवा होणार हे ठाऊक असताना, पुरावा पुढे येऊ नये म्हणून कागद नष्ट केला, तर त्याचं कलम आणखी वेगळं आहे, २४१. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यात मोबाइलमधला फोटो किंवा ध्वनिमुद्रण पुसून टाकणंही येतं. हे तुमच्यापेक्षा इतर वाचकांसाठी सांगते, कारण “व्हॉट्सॲपवरचं डिलीट केलं, काय होतंय” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

‘दडवला’ हा शब्द तुम्हाला बोचला असेल. बोचू द्या, पण घाबरू नका. या कलमाचा जीव इराद्यात आहे. तुम्ही कागद तांदळात ठेवलात तो वाचवण्यासाठी, नणंदेला बुडवण्यासाठी नाही. मात्र हा बचाव दिवसागणिक पातळ होतो. चार महिने ठेवला, हे समजण्यासारखं आहे. वारसा लागला, नणंदेने सही केली, आणि तुम्ही कागद जवळ ठेवून गप्प बसलात, तर उद्या तुमचा इरादा काय होता हे तुम्हालाच पटवून देता येणार नाही. “मालकांनी सांगितलं म्हणून” हे उत्तर घरात चालतं, कोर्टात चालत नाही.

आणि यजमान? खोटा दिलासा देणार नाही. एवढ्या गंभीर गुन्ह्याला दुसऱ्याला प्रवृत्त करणं, हेसुद्धा कायद्यात गुन्ह्यातच धरलं जातं, प्रत्यक्ष गुन्हा घडला नाही तरी. पण तुम्ही जे डोळ्यांसमोर आणता, कागद नणंदेच्या हातात पडला की संध्याकाळी पोलिसांची गाडी दारात, तसं होत नसतं. हे कलम बिनजामिनी असलं तरी अदखलपात्र आहे. म्हणजे पोलीस नुसती नोंद घेतील. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही, वॉरंटशिवाय अटक नाही. कुलूप फोडलं, घरातून चोरून नेलं, असा दखलपात्र गुन्हा जोडीला आला तर मात्र सगळं प्रकरण दखलपात्र होतं, हे लक्षात ठेवा. तुमच्या बाबतीत कागद शाबूत आहे, नुकसान कुणाचं झालेलं नाही. अशा वेळी फिर्याद करायला आधी नणंदेला ती करावीशी वाटायला हवी. तिला तसं वाटू नये, हे अजून तुम्हा दोघांच्या हातात आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण पत्राच्या ओळींमधून दिसतं: नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी लागेल का? लग्न चालू असताना नवरा-बायकोत जे बोलणं झालं, ते कोर्टात उघड करायची सक्ती नवऱ्यावर किंवा बायकोवर करता येत नाही. त्याची संमती नसेल तर तुम्हाला ते सांगूही दिलं जात नाही. पुराव्याच्या नव्या कायद्यातही हे संरक्षण कायम आहे. अपवाद आहेत: नवरा-बायकोतलाच दावा, किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेला गुन्हा. संरक्षण बोलण्यापुरतं आहे, डोळ्यांनी पाहिलेल्या कृतीला ते पुरत नाही. पण बंबाचं ते वाक्य तुमच्या तोंडून कोर्टात वदवून घेतलं जाईल, ही भीती मनातून काढून टाका.

मग करायचं काय? कागद गुपचूप नणंदेला नेऊन द्यावा, हा एक मार्ग. कायद्याने स्वच्छ, घराने महाग. यजमानांना ते तिसऱ्याच माणसाकडून कळेल, आणि त्यांच्या मते तुम्ही दोनदा खोटं वागलेल्या असाल: एकदा “घातलं” म्हणून, दुसऱ्यांदा त्यांना डावलून. दुसरा मार्ग, कागद यजमानांच्या हातात परत द्यावा आणि ते शहाणपणाने वागतील अशी आशा करावी. हा मला पसंत नाही. आशेवर मूळ कागद ठेवायचा नसतो. तिसरा, वाट बघायची. ते का नको, वर सांगितलंच.

मी तुमच्या जागी असते तर यजमानांना आधी सांगितलं असतं, पण मूळ कागद घरात नसताना. तो एखाद्या वकिलांकडे ठेवा, ठेवल्याची लेखी पोच घ्या. वकील परवडत नसेल तर बेळगावला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला त्याची समिती असते. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा देशभराचा क्रमांक आहे.

यजमानांशी बोलताना पाप-पुण्यापासून सुरुवात करू नका. हिशेबापासून करा. “तुम्ही सांगितलं होतं, पण माझा हात धजला नाही. कागद आहे. पण रागावण्याआधी एक ऐका. तो नसता तर दोन एकर आणि अर्धं घर द्यावं लागलं असतं.” एवढं बोलून त्यांना थोडा वेळ द्या. ऐकून घेतील, पण विश्वास ठेवणार नाहीत. बायकोने सांगितलेला कायदा नवऱ्याला सहसा पटत नाही, तोच वकिलाने पैसे घेऊन सांगितला की पटतो. म्हणून त्यांना त्याच वकिलांकडे घेऊन जा. ते ज्यांचं ऐकतात असे मामा किंवा गावातले एखादे सर असतील तर त्यांना बरोबर घ्या. मृत्युपत्रावरचा साक्षीदारच असेल तर फारच उत्तम. एकच विचारते, आणि याचं उत्तर फक्त तुम्हालाच माहीत आहे: ते कधी अंगावर येतात का? येत असतील तर हे बोलणं एकटीने, घरात, रात्री करू नका. १८१ हा स्त्रियांसाठीचा क्रमांक आहे, तातडीला ११२ आहे. “वाईट नाहीत” असं लिहिणाऱ्या बायकांच्या पत्रांत कधी कधी दुसऱ्या पानावर वेगळंच असतं. तुमच्या पत्राला दुसरं पान नव्हतं, पण विचारणं माझं काम आहे.

नणंदेला किती सांगायचं? पूर्ण. “कागदात तुम्हाला एक एकर आहे” एवढंच सांगून “कागद नसता तर दोन” हे लपवलं, तर तुम्ही यजमानांपेक्षा फार वेगळं काही केलं असं होणार नाही. हिशेब कळल्यावर तिने मृत्युपत्र मान्य करावं की जमीन वडिलोपार्जित आहे म्हणून हरकत घ्यावी, तो तिचा अधिकार. वडिलोपार्जित जमिनीत बापाला फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करता येतं. तसं असेल तर तिचा स्वतःचाच हिस्सा सव्वा एकराच्या पुढे जातो. म्हणून सगळ्यात आधी जमीन सासऱ्यांकडे कशी आली ते शोधा. जुना फेरफार, खरेदीखत, आजोबांच्या नावाचा उतारा. अनुभव असा की बापाच्या आजारपणात चंदगडहून येऊन राहिलेली बहीण बहुतेक वेळा एका गुंठ्यासाठी भांडायला येत नाही. ती येते ते आपल्याला मोजलं की नाही हे बघायला. भाऊ म्हणाला, “आबांनी तुला एक एकर लिहून दिली आहे, हे बघ,” तर पुढचं बोलणं जेवायला बसून होतं. तीच गोष्ट तिला साक्षीदाराकडून कळली, तर ती कोर्टात होते आणि धारवाडच्या खंडपीठापर्यंत जाते, तोवर दोघांची मुलं म्हातारी होतात. जमीन यजमानांनाच कसायची असेल तर तिची एकर रीतसर किंमत देऊन, हप्त्याने का होईना, घेता येईल. सोसायटीच्या कर्जाचं ओझं एकट्यावर का, हेही त्याच बैठकीत बोला. यजमानांची तक्रार त्या बाबतीत खोटी नाही.

कागदाची नोंदणी नाही म्हणून तो कच्चा, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, स्टँप पेपरही लागत नाही. वहीच्या पानावर असतं तरी चाललं असतं. सही आणि दोन साक्षीदार हे महत्त्वाचं. शिवाय मृत्युपत्र कधीही नोंदणीसाठी हजर करता येतं, लिहिणारा गेल्यानंतरही. ज्याला त्यातून काही मिळतं तो ते सब-रजिस्ट्रारपुढे मांडू शकतो, आणि मग साक्षीदारांना विचारून नोंद होते. साक्षीदार वयस्कर असतील तर हे लवकर उरका. मराठीत आहे म्हणूनही घाबरू नका. कोर्टात लागलंच तर भाषांतर जोडलं जातं, मूळ कागद मराठीच राहतो.

आता त्या सहीबद्दल, कारण ती सगळ्यात जवळ येऊन ठेपली आहे. आपल्या भागात एक नेहमीचा प्रकार आहे. नाडकचेरीचा, म्हणजे महसूल कार्यालयाचा, किंवा सब-रजिस्ट्रारचा कागद कन्नडमध्ये, सही करणारं माणूस मराठी, आणि मध्ये एक एजंट जो म्हणतो, “वारसा लावायला लागतंय, इथं करा.” वारशाचा अर्ज आणि हक्कसोडपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्याने नावं लागतात, दुसऱ्याने हिस्सा जातो. नणंदेला निरोप एवढाच द्या की ओळीन् ओळ मराठीत वाचून घेतल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. यजमानांनाही सांगा की वंशावळीतून बहिणीचं नाव गाळलं, किंवा मृत्युपत्र नाही असं प्रतिज्ञापत्र दिलं, तर तो नवा गुन्हा, आणि त्यात बायकोच्या तांदळाच्या डब्याचा काही संबंध राहणार नाही. सही त्यांची एकट्याची असेल. अर्ज आधीच गेला असेल तर तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. उलट बाजूने, ज्या बहिणींना आपलं नाव गाळल्याचं कळलं आहे त्यांनी वारशाची नोंद मंजूर होण्याआधी लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी. उताऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही, पण नंतर निस्तरायला वर्षं जातात.

याच विषयावर आणखी पत्रं आहेत, त्यांना इथेच उत्तर देते. खानापूरच्या एका दादांचं खरेदीखत चुलत भावाने फाडलं. नोंदणी झालेलं खरेदीखत फाडून काही होत नाही. सब-रजिस्ट्रारकडे त्याची नोंद असते, नक्कल काढा, आणि फाडलेले तुकडे टाकू नका, फिर्यादीला तेच लागतील. निपाणीहून एकांनी विचारलं आहे की वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का, ते ईसी, म्हणजे मिळकतीवरच्या व्यवहारांचा दाखला, काढून कळेल का. नाही कळणार. ईसीत खरेदी, गहाण, बक्षीस दिसतं. मृत्युपत्रांचं रजिस्टर वेगळं असतं. वडील गेले असतील तर मृत्यूचा दाखला जोडून त्या रजिस्टरचा शोध आणि नक्कल कुणालाही मागता येते. हयात असतील तर फक्त त्यांनाच.

एका वाचकाने भावाच्या कपाटातलं गहाणखत आणून ठेवलं आहे आणि “हरवलं” म्हणून पोलिसांत तक्रार देऊन पेपरात जाहिरात द्यायचा बेत आहे. देऊ नका. कागद हातात असताना हरवल्याची तक्रार देणं हा सरकारी नोकराला खोटी माहिती दिल्याचा आणखी एक गुन्हा.

आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांच्या पेटीत मोडीतले कागद पडून आहेत, त्यांना विनंती: दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत किंवा बंबात घालू नका. वाचता येत नाही म्हणजे निरुपयोगी नव्हे. मुंबई इलाख्याच्या वेळची कितीतरी खरेदी आणि वाटण्या त्याच लिपीत आहेत. १९५६ नंतर दप्तराची भाषा बदलली, जमीन तीच राहिली. मोडी वाचणारे जाणकार अजून आहेत. त्यांच्याकडून लिप्यंतर करून घ्या, मूळ कागद आणि लिप्यंतर शेजारी शेजारी ठेवा, आणि त्याचे फोटो घरातल्या सगळ्या भावंडांना, लग्न होऊन गेलेल्या बहिणींनाही, पाठवा.